उंट आणि लामा एकाच कुळातले असतील, तर माणसाला त्यांचे महत्त्व नेमके कशामुळे?

आपण असे विचारले आहे की, उंट, लामा, अल्पाका हे एकाच कुळातले प्राणी असल्याचे वाचले, पण एक वाळवंटातला आणि दुसरा थंडगार पठारावरचा असताना हे नाते पटत नाही. माणसाला या प्राण्यांचे एवढे महत्त्व का वाटत आले. मालमोटारी आल्यावर ते उरले आहे का. आणि कोरडवाहू जमिनीवर असा एखादा लहान कळप पाळण्यात काही अर्थ आहे का. प्रश्न चार दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. हे प्राणी ओझे वाहतात म्हणून मोलाचे होते असे आपण धरून चालला आहात, आणि म्हणूनच मोटार आल्यावर त्यांची गरज संपली असावी, अशी शंका आपल्याला येते. मी पशुवैद्य आहे. माझ्या कामाचा मोठा भाग उंटांच्या कळपांबरोबर गेला आणि पुढे लामा-अल्पाकांशीही संबंध आला. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, ओझे वाहणे हा या प्राण्यांचा जोडधंदा होता. जिथे माणसाच्या पोटात जाईल असे फारसे काही पिकत नाही आणि गायीगुरांचाही निभाव लागत नाही, तिथल्या काटेरी झुडपांपासून आणि राठ गवतापासून दूध, लोकर, मांस आणि खत तयार करणे हा त्यांचा मूळ धंदा, आणि तो अजून चालू आहे.

नात्याचा प्रश्न आधी घेतो, कारण पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. या कुळात आज सात जाती आहेत. एक मदारीचा उंट, दोन मदारींचा पाळीव उंट आणि गोबीच्या वाळवंटात तग धरून राहिलेला दोन मदारींचा रानटी उंट या तीन जुन्या जगातल्या, म्हणजे आशिया-आफ्रिकेतल्या. ग्वानाको आणि विकुन्या हे रानटी, तर लामा आणि अल्पाका हे पाळीव, अशा चार दक्षिण अमेरिकेतल्या. बाहेरून पाहिले तर साम्य दिसत नाही, हे आपले म्हणणे खरे आहे. पण आजारी उंटाच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तांबड्या पेशी लंबगोल दिसतात. इतर सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशी गोल चकतीसारख्या असतात. लंबगोल पेशी फक्त याच कुळात आढळतात आणि लामाचे रक्त पाहिले तरी त्या तशाच दिसतात. याशिवाय दोघांच्या जठराला गायीसारखे चार कप्पे नसून तीनच असतात, दोघेही खुरांऐवजी दोन बोटांखालच्या मऊ गादीवर चालतात, दोघांच्याही माद्या ठरावीक दिवशी आपोआप माजावर येत नाहीत, तर नराशी संग झाल्यानंतरच त्यांच्यात बीज सुटते, आणि दोघांच्याही पेशींत गुणसूत्रे ७४ असतात. १९९८ मध्ये दुबईत उंट नर आणि लामा मादी यांचे कृत्रिम रेतनाने संकरित पिल्लू जन्मालाही आले. त्याचा व्यवहारात काही उपयोग झाला नाही, पण नात्याबद्दल शंका घ्यायला जागा उरली नाही.

आश्चर्याची गोष्ट अशी की या कुळाचे मूळ घर उत्तर अमेरिका आहे. चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वी तिथे सशाएवढ्या आकाराच्या पूर्वजांपासून ही परंपरा सुरू झाली. सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एक शाखा बेरिंगच्या भूपट्टीवरून आशियात गेली आणि तिचे उंट झाले. दुसरी शाखा सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत उतरली आणि तिथे तिची लामा-विकुन्यांची कुळी झाली. मूळ घरी राहिलेले उंट मात्र हिमयुगाच्या अखेरीस नामशेष झाले. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एल्समियर बेटावर, सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड उंटाच्या नडगीच्या हाडाचे तुकडे मिळाले आणि २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यावरून काही संशोधकांनी असा तर्क मांडला की, चरबीची मदार, रुंद तळवे आणि मोठे डोळे ही वैशिष्ट्ये वाळवंटासाठी घडलेली नसून लांबलचक, अंधाऱ्या, बर्फाळ हिवाळ्यासाठी घडली असावीत. हा तर्क मला पटतो. वाळवंट आणि उंच पठार यांच्यात तापमानाचा फरक असला तरी एक गोष्ट समान आहे: चारा विरळ, निकृष्ट आणि दूरवर विखुरलेला असतो. या कुळाने टंचाईत जगण्याची विद्या आधी मिळवली आणि मग ती दोन टोकांच्या प्रदेशांत वापरली.

आता पाण्याविषयी, कारण इथे गैरसमज फार आहेत आणि उंटपालनाचे अर्धे निर्णय त्यांच्यावर बिघडतात. मदारीत पाणी नसते, चरबी असते. ती पाण्याची टाकी नसून दुष्काळासाठी भरून ठेवलेली कणगी आहे. ‘चरबी जळाली की तिच्यातून पाणी सुटते’ असे सांगणारे भेटतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते खरे आहे, परंतु ती चरबी जाळण्यासाठी लागणारा प्राणवायू घेताना श्वासावाटे तितकेच पाणी निघून जाते, त्यामुळे हाती काही शिल्लक राहत नाही. मदारीचा खरा फायदा दुहेरी आहे. उपासमारीत शिदोरी मिळते आणि चरबी एकाच जागी साठल्यामुळे उरलेल्या अंगावरून उष्णता सहज बाहेर टाकता येते. मी कळपात शिरलो की आधी मदारी पाहतो. ताठ आणि भरलेली मदार म्हणजे गेला हंगाम बरा गेला. एका बाजूला कललेली, रिकाम्या पिशवीसारखी लोंबणारी मदार म्हणजे चारा कमी पडला किंवा पोटात जंत वा अंगात जुनाट आजार आहे. तहानेचा अंदाज मात्र मदारीवरून येत नाही. तो दबलेल्या कुशी, आत गेलेले डोळे आणि कोरड्या लेंड्या यांवरून घ्यावा लागतो.

पाण्याची खरी बचत शरीरात अनेक ठिकाणी थोडी थोडी होते. १९५० च्या दशकात क्नुट श्मिट-नीलसन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने सहारात राहून जी मोजमापे केली, त्यांतून हे प्रथम नीट उलगडले. तहानलेला उंट आपले अंग पहाटे ३४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड होऊ देतो आणि दुपारी ४० अंशांच्या वर तापू देतो. माणसाला हा ताप ठरेल; उंटाच्या बाबतीत मात्र दिवसभराची उष्णता अंगात साठवून रात्री फुकट सोडून देण्याची ती सोय आहे, आणि त्यामुळे मोठ्या जनावराच्या घामातले चार-पाच लिटर पाणी रोज वाचते. (म्हणूनच कामाच्या उंटाला दुपारी तापमापी लावून कोणी ‘ताप आहे’ म्हणाले तर मी आधी पहाटेचे तापमान विचारतो.) त्याच अभ्यासात असेही दिसले की केस कातरलेल्या उंटाला न कातरलेल्यापेक्षा सुमारे दीडपट घाम येतो, दाट केस ही उन्हापासूनची सावली आहे. नाकातल्या गुंतागुंतीच्या पडद्यांवर रात्रीच्या उच्छ्वासातली वाफ पुन्हा धरून ठेवली जाते, मूत्रपिंडे लघवी अतिशय दाट करतात आणि लेंड्या इतक्या कोरड्या पडतात की त्याच दिवशी जळणाला चालाव्यात.

यातूनही पाणी घटत गेले, तरी उंट आपल्या वजनाच्या पाव हिश्शापर्यंत तूट सोसतो. इतर बहुतेक जनावरे याच्या निम्म्यावर कोसळतात, कारण त्यांचे रक्त घट्ट होऊन फिरेनासे होते. उंटात ही तूट प्रामुख्याने ऊतींमधून आणि जठरातून भरून काढली जाते आणि रक्त बऱ्याच अंशी प्रवाही राहते. मग पाणी दिसले की तो दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरच्या घरात पाणी पितो. एवढे पाणी एकदम रक्तात उतरले तर दुसऱ्या प्राण्याच्या तांबड्या पेशी फुटतील. उंटाच्या त्या लंबगोल पेशी मूळ आकारमानाच्या दुपटीहून अधिक फुगूनही टिकतात. मात्र यावरून ‘उंटाला पाणी लागत नाही’ असा निष्कर्ष काढू नये. हिवाळ्यात ओला पाला मिळत असेल तर तो आठवडेच्या आठवडे पाण्याविना राहतो, हे खरे. उन्हाळ्यात कोरड्या चाऱ्यावर, कामाला जुंपलेल्या किंवा दूध देणाऱ्या जनावराला वेळेवर पाणी दिले नाही तर तो तग धरेल, पण दूध आणि वजन दोन्ही जातील.

वाहतुकीचे महत्त्व मी कमी लेखत नाही. फक्त ते किती अटींवर अवलंबून होते, ते सांगतो. एक मदारीचा उंट माणसाळला तो सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, अरबस्तानाच्या आग्नेय भागात, आणि त्याचे रानटी भाईबंद आज जगात कुठेही उरलेले नाहीत. दोन मदारींचा उंट मध्य आशियात त्याच्या बराच आधी पाळला गेला होता. तरीही उंट पाळल्याबरोबर व्यापार बदलला असे झाले नाही. पाठीच्या मधोमध चरबीचा उंचवटा असलेल्या जनावरावर ओझे लादायचे कसे, हा प्रश्न सुटायला शतके लागली. मदारीवर भार न पडता तो दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर समान वाटला जाईल असे लाकडी सांगाड्याचे पालाण उत्तर अरबस्तानात इसवी सनापूर्वीच्या काही शतकांत रूढ झाले, आणि मग चित्र पालटले. दीडशे-दोनशे किलो ओझे घेऊन दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर चालणारे, रस्ता, पूल वा धान्य न मागणारे हे वाहन इतके स्वस्त पडले की पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या मोठ्या भागातून चाकाची गाडी पुढच्या काही शतकांत जवळजवळ नाहीशी झाली. पुढारलेल्या साधनाने जुने साधन मागे पडते, असे आपण सहसा समजतो. इथे पायाने चाकाला हरवले. पालाणाचे महत्त्व आजही तेवढेच आहे. ओझ्याच्या उंटाची पाठ दाखवायला आणली की मी पालाण चढवलेले असतानाच त्याखाली हात सरकवून पाहतो. मदारीच्या पुढच्या बाजूला, खांद्यांच्या मध्ये, बोटे अडकली तर तिथे आठवड्याभरात गळू होणार हे नक्की, आणि ते एकदा हाडापर्यंत गेले की ते जनावर त्या हंगामापुरते कामातून गेले.

सहारातील मीठवाहतूक हे या व्यवस्थेचे सर्वांत टिकाऊ उदाहरण. मालीमधील ताउदेनीच्या खाणीतल्या मिठाच्या लाद्या तिंबक्तूपर्यंत, आणि इथिओपियातील दनाकिल खळग्यातले मीठ डोंगरावरच्या बाजारांपर्यंत, उंटांच्या तांड्यांनी शतकानुशतके पोहोचवले. मालमोटारींनी त्यांची जागा अलीकडे घेतली. मध्य आशियात मोठ्या ओझ्यांसाठी एक आणि दोन मदारींच्या उंटांचा संकर केला जाई. पहिल्या पिढीचा संकरित उंट दोन्ही जन्मदात्यांपेक्षा थोराड आणि ताकदवान निघतो, पण त्याची पुढची पैदास घसरते, त्यामुळे दोन्ही शुद्ध जाती राखणे भाग पडे.

दक्षिण अमेरिकेचा हिशोब वेगळा आहे आणि तो मला अधिक बोलका वाटतो. अँडीजमध्ये ग्वानाकोपासून लामा आणि विकुन्यापासून अल्पाका माणसाळला तो सहा-सात हजार वर्षांपूर्वी, पेरूच्या चार हजार मीटर उंचीच्या गवताळ पठारावर. अल्पाकाचे मूळ विकुन्यात आहे हे २००१ मध्ये जनुकीय अभ्यासाने स्पष्ट झाले. तोवर बरेच जण दोघांनाही ग्वानाकोचेच वंशज समजत. तिथे घोडा, बैल, गाढव यांपैकी एकही जनावर नव्हते आणि चाकाचा वाहतुकीसाठी उपयोग होत नव्हता. लामाची वाहण्याची ताकद मात्र तुटपुंजी: खच्ची केलेला नर पंचवीस-तीस किलो घेऊन दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर जातो, ओझे जास्त झाले की खाली बसतो आणि मनधरणीला दाद देत नाही. त्यावर कोणी स्वार होत नाही, त्याला नांगराला जुंपत नाहीत, आणि अँडीजमध्ये त्याचे दूधही काढले जात नाही. केवळ ओझ्याच्या मापाने मोजले तर लामा हा उंटाचा फारच दुबळा चुलतभाऊ ठरेल. तरीही इंका साम्राज्य ज्यावर उभे होते त्या गोष्टींत लामाच्या तांड्यांचा वाटा मोठा होता, कारण हवा विरळ असलेल्या खिंडी ओलांडणारे दुसरे काही नव्हते. त्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू असा घट्ट पकडते की चार हजार मीटरवर त्याला धाप लागत नाही.

लामाचे सर्वांत दुर्लक्षित उत्पन्न म्हणजे लेंड्या. हे प्राणी ठरलेल्या जागीच ढीग करतात, त्यामुळे खत गोळा करायला माणूस फिरवावा लागत नाही. झाडे नसलेल्या पठारावर हेच जळण, आणि त्या थंडीत बटाट्याला लागणारे हेच खत. वाळवलेले मांस महिनोन्‌महिने टिकते. लोकरीबद्दल तर सांगावे तेवढे थोडे: इंकांच्या राज्यात तलम विणीचे कापड ही मोठी दौलत होती, सैनिकांना आणि सरदारांना ते बक्षीस दिले जाई. १५३२ मध्ये स्पॅनिश आले, आणि त्यानंतरच्या शतकभरात रोगराई, कत्तल आणि मेंढ्यांनी बळकावलेली कुरणे यांमुळे हे कळप बहुतांश नष्ट झाले. जे उरले ते मेंढीला न झेपणाऱ्या उंचीवर. आजच्या बोलिव्हियातील पोतोसीच्या खाणीतली चांदी वाहायला मात्र लामाच लागले.

विकुन्याची कहाणी त्याच्या पुढची. त्याचा तंतू बारा-तेरा मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा, आणि एका जनावरापासून दोन वर्षांतून एकदा जेमतेम पाव किलो मिळतो. इंकांच्या काळात हजारो माणसे साखळी करून रानटी विकुन्या एका आवारात हाकत, लोकर कातरत आणि जनावरे सोडून देत. स्पॅनिश राजवटीत आणि नंतर बंदुकीने मारून कातडे काढण्याची पद्धत आली आणि १९६० च्या दशकात अवघ्या काही हजारांवर संख्या आली. १९६७ मध्ये पेरूत पांपा गालेरास हे राखीव क्षेत्र झाले, १९६९ आणि १९७९ मध्ये अँडीजमधील देशांनी आपसांत करार केले, शिकार थांबली, आणि हाकून-कातरून सोडण्याची जुनी पद्धत गावांच्या हक्कासह पुन्हा सुरू झाली. आज विकुन्यांची संख्या लाखांत आहे. अशा लोकरीच्या अंतिम किमतीचा फारच थोडा वाटा कातरणाऱ्या गावापर्यंत पोहोचतो, हा आक्षेप वारंवार घेतला जातो, आणि मला तो रास्त वाटतो.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर: कुळ एकच, टंचाईत जगण्याची शरीररचना एकच, पण माणसाने तिचा वापर आशिया-आफ्रिकेत चालण्यासाठी आणि दुधासाठी, तर दक्षिण अमेरिकेत लोकर, खत आणि खिंडी ओलांडण्यासाठी केला. आता दुधाकडे येतो, कारण मोटारीनंतर काय उरले याचे मुख्य उत्तर तिथे आहे.

उंटिणीची धार काढणे ही पाहण्यासारखी गोष्ट आहे. तिच्या कासेत दूध साठवायला गायीसारखी मोठी पोकळी नसते. बहुतेक दूध वरच्या ग्रंथींत असते आणि पान्हा सुटल्यावर जेमतेम दीड-दोन मिनिटे खाली येते. म्हणून आधी पिल्लाला सडाला लावतात. सड टपोरे झाले की त्याला एका बाजूला करून दोघे जण दोन बाजूंनी एकदमच धार काढू लागतात. कास उंचावर असल्यामुळे काढणारा उभाच असतो, एका पायावर तोल सांभाळून दुसरे पाऊल गुडघ्याला टेकवतो आणि त्या मांडीवर भांडे ठेवतो. पिल्लू मेले तर बहुतेक उंटिणी पान्हा चोरतात. म्हणूनच पिल्लू जगवणे आणि दूध मिळवणे या दोन गोष्टी उंटपालनात वेगळ्या काढता येत नाहीत, आणि पिल्लाच्या वाटणीचे दूध तोडून बाजारात पाठवणारा मालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

उंटीण एका वेतात वर्ष-दीड वर्ष दूध देते. चाऱ्यानुसार दिवसाला चार-पाच लिटरपासून दहा लिटरपर्यंत, आणि चांगल्या संगोपनात त्याहून जास्त. गायी आटल्यावरही ती देत राहते, ही तिची खरी किंमत. पाणी तोडलेल्या उंटिणीचे दूध घट्ट होण्याऐवजी पातळ होते, असे १९८० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत दिसले. म्हणजे स्वतः तहानलेली असतानाही ती पिल्लाला पाणी पुरवते. या दुधात ‘क’ जीवनसत्त्व गायीच्या दुधाच्या काही पट असते, आणि जिथे भाजीपाला मिळत नाही तिथे ही गोष्ट औषधाइतकी मोलाची ठरते. पण त्यावर साय नीट धरत नाही, लोणी काढणे जिकिरीचे, आणि वासराच्या जठरापासून केलेल्या नेहमीच्या विरजणाने चीज धरत नाही, कारण त्यातील प्रथिनांची रचना निराळी आहे. त्यासाठी उंटाच्याच जनुकावरून तयार केलेले विकर (एन्झाइम) अलीकडे वापरात आले. पशुपालकांनी मात्र आंबवण्याचा सोपा मार्ग केव्हाच शोधला होता. सुदानमध्ये ‘गारिस’ नावाचे आंबवलेले दूध कातडी पिशवीत भरून खोगिराला टांगतात. उंट चालतो आणि दूध आपोआप घुसळले जाते. मॉरिटानियाची राजधानी नुआकशोट इथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस भटक्या पशुपालकांकडून दूध घेऊन पाश्चरीकरण करणारी दुग्धशाळा निघाली, आणि हे दूध शहरात विकले जाऊ शकते हे सिद्ध झाले.

या दुधाभोवती आज बरीच जाहिरातबाजीही जमली आहे, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. मधुमेहावर त्याचा काही प्रमाणात चांगला परिणाम दिसल्याचे लहान प्रमाणावरचे अभ्यास आहेत. त्यावरून इन्सुलिन बंद करणे हा जिवाशी खेळ आहे. आणि ‘उंटिणीचे दूध कच्चेच प्यावे’ हा सल्ला मी देत नाही. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जंतूंमुळे होणारा तापाचा रोग माणसाला होतो, आणि २०१२ मध्ये सौदी अरेबियात प्रथम ओळखल्या गेलेल्या ‘मर्स’ या श्वसनरोगाच्या विषाणूचा साठा एक मदारीच्या उंटांतच आढळला आहे. दूध उकळावे किंवा पाश्चरीकृत करून घ्यावे, आणि नाक वाहणाऱ्या जनावराला हाताळल्यावर हात धुवावेत.

मोटार आल्यानंतर उंटांचे काय झाले, याचे उत्तर सगळीकडे सारखे नाही. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकात आणलेल्या उंटांनी तारेच्या लाइनीचे आणि खाणींचे सामान वाहिले. १९२० च्या दशकात मोटारी आल्या तेव्हा ते रानात सोडून दिले गेले, बेसुमार वाढले, आणि २००९ ते २०१३ या काळात सुमारे एक लाख साठ हजार उंट सरकारी कार्यक्रमात कमी करावे लागले. तिथे त्यांना कामाशिवाय दुसरा उपयोग नव्हता, म्हणून काम गेल्याबरोबर ते उपद्रव ठरले. भारतात २०१२ च्या पशुगणनेत सुमारे चार लाख असलेले उंट २०१९ मध्ये अडीच लाखांवर आले. ट्रॅक्टर हे त्याचे एक कारण, पण चराऊ जमिनी आक्रसणे आणि नराला गिऱ्हाईक न उरणे ही अधिक खोल कारणे. उलट केनियाच्या उत्तर भागात सांबुरू आणि बोराना हे पिढ्यान्‌पिढ्यांचे गायी पाळणारे लोक वारंवारच्या दुष्काळांनंतर उंटांकडे वळले, कारण गायी मेल्या तिथे उंट जगले आणि दूध देत राहिले. जगातील बहुतेक उंट आज आफ्रिकेत आहेत, आणि तिथे ते दुधासाठी आणि मांसासाठी पाळले जातात, ओझ्यासाठी कमी. एक अगदी वेगळा उपयोगही याच काळात पुढे आला. या कुळाच्या रक्तात नेहमीच्या प्रतिपिंडांबरोबर अर्ध्या बांधणीचे, आकाराने लहान प्रतिपिंडही असतात, हे ब्रुसेल्समधील संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे तुकडे इतके लहान आणि टिकाऊ निघाले की त्यांवर आधारित पहिले औषध रक्तात गुठळ्या करणाऱ्या एका दुर्मीळ विकारासाठी २०१८ मध्ये युरोपात मंजूर झाले.

आता आपला शेवटचा प्रश्न, कळप पाळावा का. जमीन न पाहता याचे हो-नाही उत्तर देणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होईल. पण मी स्वतः ज्या क्रमाने विचार करतो तो सांगतो. सर्वांत आधी पावसाळ्यात जमीन कशी राहते ते पाहतो. ‘कोरडवाहू’ म्हणजे ‘कोरडी’ नव्हे. चिकणमातीच्या ओल्या रानात उंटाचे मऊ तळवे घसरतात, पाय फाकतात आणि कमरेचे सांधे असे दुखावतात की जनावर पुन्हा उठत नाही. दमट हवेत खरूज आणि चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा हे दोन रोग कळप पोखरतात. सर्र्याचा परजीवी ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्येच घोड्या-उंटांच्या रक्तात दाखवला होता, पण आजही तो उशिरा ओळखला जातो, कारण उंट महिनोन्‌महिने नुसता वाळत जातो. अल्पाकांची अडचण उलटी: त्यांना सखल, उष्ण आणि दमट हवा सोसत नाही, आणि केस वेळेवर कातरले नाहीत तर ते उष्माघाताने दगावतात.

त्यानंतर चारा पाहतो. उंटाला झुडपे आणि झाडपाला हवा, शिवाय गायीच्या कितीतरी पट मीठ. बंदिस्त ठेवून वैरण विकत घालायची असेल तर टंचाईत जगणारे जनावर पाळण्याचा मूळ फायदाच संपतो. मग गाय किंवा शेळी बरी. मोकळ्या चराईत उंट एका झुडपाचे चार घास घेऊन पुढे सरकतो आणि त्याच्या गादीदार तळव्यांनी मातीची धूळ होत नाही, म्हणून विस्तीर्ण, विरळ रान असेल तर त्याच्याइतके सोयीचे जनावर नाही. वाढीचा वेगही लक्षात घ्यावा. उंटीण सुमारे तेरा महिने गाभण राहते, एका वेळी एकच पिल्लू देते आणि दोन वेतांत सहसा दोन वर्षांचे अंतर पडते. लामा-अल्पाकांचा गर्भकाळ अकरा महिन्यांच्या पुढे. शेळ्यांसारखा कळप दुप्पट होण्याची वाट पाहणाऱ्याची इथे निराशा होते.

आणि खरेदीपूर्वी जवळच्या पशुवैद्याला या कुळाचा अनुभव आहे का ते अवश्य विचारावे, कारण गायीच्या मापाने दिलेले औषध इथे जीव घेऊ शकते. गायीगुरांत सर्रास वापरले जाणारे डायमिनाझीन उंटाला सहज विषारी ठरते, त्यामुळे सर्र्यावर त्याच्यासाठी वेगळी औषधे वापरतात. कोंबड्यांच्या आणि काही वेळा गुरांच्या तयार खाद्यात मिसळलेले मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन हे औषध उंट, लामा, अल्पाका या तिघांनाही मारक आहे. एकाच गिरणीत हे औषध घातलेले आणि न घातलेले अशी दोन्ही खाद्ये तयार होत असतील तर उरलेल्या अंशानेही जनावरे दगावतात. म्हणून मी तयार खाद्य घालूच नका असे सांगतो, आणि घालावेच लागले तर पोत्यावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय त्याचे तोंड उघडू नका. बाटलीवर एकट्याने वाढवलेला नर लामा किंवा अल्पाकाही स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. तो माणसालाच आपल्या कळपातला प्रतिस्पर्धी समजू लागतो आणि वयात आल्यावर छातीने धडक देऊन पाडतो. नर घ्यायचाच असेल तर कळपात, आईजवळ वाढलेला घ्यावा, आणि उंटाचा नर असेल तर हिवाळ्यात तो मस्तीत असताना त्याच्याजवळ एकट्याने जाऊ नये.